टोमणा ऐकला की माझा हात लाडवांच्या डब्यात का जातो?

रानजाई: परवा सांगलीला चुलत नणंदेचं लग्न झालं. आम्हा सगळ्या जावांना एकसारख्या नारायणपेठी. ओळीने उभं करून फोटो काढला. आत्येसासूबाईंनी मोबाईल चष्म्याजवळ नेला, दोन बोटांनी मला मोठं केलं आणि म्हणाल्या, "अगं, केवढी सुटलीस! धाकटीकडे बघ, दोन लेकरांची आई वाटते का?" मी हसले. पंगतीत जिलबी नको म्हटलं, मसालेभातही चमचाभरच. शेजारी धाकटीने मठ्ठ्यासोबत तीन जिलब्या हाणल्या, तिला कोण बोलणार!

रात्री साडेअकराला सगळे झोपल्यावर दिवा न लावता बुंदीच्या लाडवांचा डबा उघडला. उभ्या उभ्या पाच, तेही भूक नसताना. चौथ्याची तर चवसुद्धा कळली नाही. एरवी नेमाने खाणारी मी टोमण्यानंतरच अशी का सुटते?

पाटावरवंटा: जिभेवर ताबा नाही, बाकी सबबी. रोज बारा सूर्यनमस्कार घाला.

कोरा_चहा: पाटावरवंटा, हेच ऐकून ऐकून मी बारा किलो वाढवलेत.

मृगनक्षत्र: मी मानसशास्त्र शिकवते. कॅलिफोर्नियात ब्रेंडा मेजर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रयोग छापला. काही तरुणींना जाड लोकांना नोकरी मिळत नाही असा लेख वाचायला दिला, काहींना तसाच सिगारेट ओढणाऱ्यांबद्दलचा. मग समोर गोळ्या-बिस्किटं. स्वतःला जाड समजणाऱ्या मुलींनी पहिला लेख वाचून जास्त खाल्लं, आणि खाण्यावर आपला ताबा नाही असंही त्यांना वाटू लागलं. म्हणजे पाटावरवंटा म्हणतात तो ताबा टोमण्यानेच जातो.

जावेचं म्हणाल तर मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्येच मांडलंय, माणूस स्वतःला मोजतो ते आपल्यासारख्यांशी. नटीचं पोस्टर बोचत नाही, त्याच साडीतली जाऊ बोचते. शिवाय पंगतीत तुम्ही अर्धपोटी उठलात. भूक नव्हती म्हणता, मला नाही पटत.

रानजाई: भुकेचं लक्षातच आलं नव्हतं. रविवारी बारसं आहे, आत्येसासूबाई येणारच. साडी वेगळी नेसते आणि जिलबी त्यांच्यासमोर खाते. इकडे सासूबाई लाडू मोजतायत. आळ नवऱ्यावर आलाय, मी गप्प आहे.