मदत हवी आहे: क्रिकेटच्या ग्रुपवर राजकारण, बॅन कधी आणि किती दिवसांचा?

मुंबई क्रिकेटच्या चाहत्यांचे टेलिग्राम ग्रुप सांभाळणाऱ्यांनो, सल्ला हवाय. ‘राजकारण नको’ एवढाच नियम आमच्याकडे टिकत नाही, कारण विषयच एकमेकांत गुंतलेत. २०२५ मध्ये वानखेडेवर रोहित शर्मा आणि अजित वाडेकरांबरोबर शरद पवारांच्या नावाचाही स्टँड झाला. पवार एमसीएचे (मुंबई क्रिकेट असोसिएशनचे) अध्यक्ष होते. मग त्यावरची चर्चा क्रिकेटची धरायची की पक्षाची? माझ्या मते असोसिएशनच्या कारभारावर मोकळेपणी बोलू द्यावं. पक्षाचा प्रचार आणि जात-धर्मावरची शेरेबाजी मात्र लगेच उडवावी.

सध्याचा क्रम असा: मेसेज डिलीट करून ताकीद, मग २४ तास म्यूट, मग ७ दिवस, शेवटी बॅन. वाद पेटला की स्लो मोड ५ मिनिटांवर, म्हणजे प्रत्येकाला ५ मिनिटांत एकच मेसेज. खरी अडचण पुराव्याची. ‘रीसेंट अ‍ॅक्शन्स’मध्ये (टेलिग्रामची अ‍ॅडमिनना दिसणारी नोंद) डिलीट केलेलं ४८ तासच दिसतं, त्यामुळे आठवड्याने कुणी दाद मागितली की दाखवायला काहीच नसतं. शिवाय अ‍ॅडमिनचीही राजकीय मतं सगळ्यांना ठाऊक असतात, म्हणून बॅन सूडाचा वाटतो.

बॅनसाठी दोन अ‍ॅडमिनची संमती सक्तीची करावी का? स्क्रीनशॉट कुठे आणि किती महिने ठेवता? निवडणुकीच्या काळात नियम वेगळे लावता का?