कुपवाड एमआयडीसीतल्या कर्मचाऱ्यांना इंग्रजी बोलतं करायचंय, ॲक्टिव्हिटी सुचवा

वारणाकाठ
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत कास्टिंग-मशिनिंगच्या एका कंपनीत इंग्रजी संभाषणाचा वर्ग घ्यायचाय. 16 जण आहेत: क्वालिटी, डिस्पॅच, परचेस आणि मेंटेनन्स. वय 24 ते 50. बहुतेकांची शाळा मराठी माध्यमाची, पुढे आयटीआय किंवा डिप्लोमा. ड्रॉइंग, इन्स्पेक्शन रिपोर्ट, ग्राहकाचे मेल नीट वाचतात. टीम्सवर (व्हिडिओ कॉलच्या ॲपवर) परदेशी ग्राहकाचा कॉल आला की मात्र सगळे एकाच इंजिनिअरकडे बघतात.
आठवड्यातून दोन दिवस, फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर 75 मिनिटं, असे 12 आठवडे. प्रोजेक्टर आहे, खुर्च्या हलवता येतात. व्याकरणाचे तक्ते नकोत असं कंपनीनंही सांगितलंय. दमून आलेली माणसं बोलती राहतील असं काय घ्यावं? नुसती नावं नकोत, कसं घ्यायचं तेही लिहा.

गणपतीपेठ
जस्ट अ मिनिट घ्या. चिठ्ठी उचलायची, एक मिनिट बोलायचं. शब्दांच्या भेंड्याही चांगल्या चालतात.

पाटी_पेन्सिल
गणपतीपेठ, कॉलेजच्या मुलांना ते आवडतं, या गटाला मात्र सुरुवातीला देऊ नये. एक जण उभा राहून बोलतो तेव्हा बाकी 15 गप्प असतात. 16 जणांचा एकेक मिनिट, चिठ्ठ्या आणि टाळ्या धरून अर्धा तास जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला बोलणं येतं एकच मिनिट. शिवाय पन्नाशीचा सुपरवायझर स्वतःच्या हाताखालच्या पोरांसमोर अडखळला की पुढच्या आठवड्यात येत नाही.

वारणाकाठ, तुमच्या लोकांसाठी एकच कसोटी लावा: एकाकडे असलेली माहिती दुसऱ्याकडे नसावी आणि ती मिळाल्याशिवाय काम पुरं होऊ नये. मग बोलावंच लागतं. सुरुवात ड्रॉइंगपासून करा, कारण त्या विषयात ते तुमच्यापेक्षा तरबेज आहेत.

जोड्या करा, खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवा. एकाला साध्या फ्लँजचं (पाइप जोडायच्या गोल चकतीचं) स्केच द्या: बाहेरचा व्यास, मधलं भोक, चार बोल्ट होल, जाडी, एक चॅम्फर (तिरकी तासलेली कड). मापं सहा-सातच. दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिला सांगतो, दुसरा काढतो. वेळ 6 मिनिटं. प्रश्न कितीही विचारावेत, पण मागं वळून बघायचं नाही. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून तपासायचे आणि दुसऱ्या स्केचवर भूमिका बदलायच्या.

मापं मुद्दाम 15 आणि 50, 13 आणि 30 अशी घ्या. फिफ्टीनमध्ये जोर 'टीन'वर आणि ई लांब, फिफ्टीत जोर 'फिफ'वर. हा फरक आपल्याकडे सहसा पाळला जात नाही आणि कॉलवर नेमका तिथंच घोटाळा होतो. '12.25' हे ट्वेल्व्ह पॉइंट टू फाइव्ह असं म्हणायची सवय लावा, पॉइंट ट्वेंटी-फाइव्ह नाही. ग्राहक जर्मन असेल तर त्याच्या कागदावर दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम असतो, तेही एकदा दाखवून ठेवा.

बिघडतं ते बहुतेक दुसऱ्या मिनिटाला. लोक मराठीवर येतात. हा आळस नसतो. अडल्यावर काय म्हणायचं तेच तोंडात नसतं. म्हणून आधी 8 मिनिटं काढून फक्त अडल्यावरची वाक्यं घोटून घ्या: 'सॉरी, वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झिरो?', 'कुड यू से दॅट अगेन, प्लीज?', 'व्हेअर एक्झॅक्टली?', 'लेट मी रीड इट बॅक टू यू.' हीच वाक्यं प्रत्येक कार्डाच्या खाली छापा. चारच पुरेत. दहा दिलीत तर एकही वापरली जाणार नाही.

आणखी एक. ग्राहकाचं खरं ड्रॉइंग वर्गात आणू नका, गोपनीयतेचा करार असतो. हातानं स्केच काढून झेरॉक्स मारा. जिओमेट्रिक टॉलरन्सची (आकार आणि जागेत किती फरक चालेल ते सांगणारी) चिन्हं पहिल्या महिन्यात नकोत, नाहीतर भाषा राहते बाजूला आणि चर्चा ड्रॉइंगचीच होते. हजेरी विषम झाली तर तिसरा माणूस निरीक्षक. तो ऐकलेली चांगली वाक्यं टिपतो.

मार्केटयार्ड
वरचं पटलं. एक पुरवणी. पार्ट नंबरचं स्पेलिंग सांगायचा सराव वेगळा घ्या. फोनवर बी, डी, पी, टी, व्ही सारखेच ऐकू येतात. विमानवाहतुकीत 1956 पासून चालत आलेली एसाठी अल्फा, बीसाठी ब्राव्हो, सीसाठी चार्ली, डीसाठी डेल्टा ही यादी भिंतीवर लावा. प्रत्येकाला बनावट पार्ट नंबरांच्या पाच चिठ्ठ्या द्या, जोडीदारानं ऐकून लिहायचे. 5 मिनिटांत होतं, वर्गाच्या सुरुवातीला उत्तम. उशिरा येणाऱ्यांचंही फार बुडत नाही.

मेलवर कोणी काही सांगाल का? सांगलीच्या हळद-बेदाणा एक्सपोर्टवाल्यांकडे फोन कमी आणि मेलच जास्त असतात.

पाटी_पेन्सिल
मेलसाठी 'मूक पत्रव्यवहार' घ्या. कागदावरच, लॅपटॉप नको, कारण तिथं ऑटोकरेक्ट आणि जुन्या मेलचं कॉपी-पेस्ट सुरू होतं. निम्मे खरेदीदार, निम्मे विक्रेते. खरेदीदाराच्या कार्डावर: हळदीची 25 किलोची 600 पोती पोचली, करारात ओलावा जास्तीत जास्त 10 टक्के, आमच्या लॅबमध्ये 11.4 आला. विक्रेत्याच्या कार्डावर: पाठवण्याआधीच्या तपासणीत 9.6 होता, नमुना राखून ठेवलाय. एकमेकांचं कार्ड बघायचं नाही. 7 मिनिटांत पहिला मेल, कागद सरकवायचा, 7 मिनिटांत उत्तर, परत सरकवायचा. तीन फेऱ्या. मर्यादा 80 शब्द.

शेवटी प्रत्येक कागदावर तीनच गोष्टी अधोरेखित करायला लावा: कोणी काय करायचं, कधीपर्यंत, आणि सोबत काय जोडायचं. 'प्लीज डू द नीडफुल' लिहिलेल्या कागदावर पहिलीच गोष्ट सापडत नाही, त्यामुळे वेगळं समजावावं लागत नाही. तारखेत महिना अक्षरात लिहायला लावा. 05/06 म्हणजे आपल्याला 5 जून, अमेरिकन माणसाला 6 मे. लाख-कोटीही बाहेर चालत नाहीत. 15 लाख म्हणजे वन पॉइंट फाइव्ह मिलियन. असे दहा आकडे रोज तोंडी बदलून घ्या.

वारणाकाठ
फार उपयोगी, धन्यवाद. दोन शंका. चुका कधी दुरुस्त करायच्या? आणि सलग जास्त वेळ बोलण्यासाठी काय घेऊ? एका वाक्यावर थांबणारे बरेच आहेत.

क्लासरूम
दुसऱ्या शंकेसाठी 4/3/2. भाषाशिक्षणतज्ज्ञ पॉल नेशन यांच्या लेखनातून ही पद्धत बऱ्याच शिक्षकांपर्यंत पोचली. एकच गोष्ट 4 मिनिटं एकाला सांगायची, मग तीच 3 मिनिटांत दुसऱ्याला, मग 2 मिनिटांत तिसऱ्याला. तुमच्या गटाला 4 मिनिटं झेपणार नाहीत. 2, दीड आणि 1 मिनिट ठेवा. खुर्च्यांच्या समोरासमोर दोन ओळी. एक ओळ बसून राहते, दुसरी दर फेरीला एक खुर्ची सरकते. आधी 3 मिनिटं तयारी, कागदावर फक्त पाच शब्द. वाक्यं लिहू दिलीत की वाचन सुरू होतं. तीन फेऱ्या झाल्या की दुसरी ओळ सांगणार. सगळं मिळून 20 मिनिटं धरा.

आशय तोच राहतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी डोकं शब्द शोधण्यात अडकत नाही आणि वेग येतो. विषय 'माय हॉबी' नको. 'कच्चं कास्टिंग आपल्या विभागात येतं तेव्हापासून बाहेर जाईपर्यंत काय होतं' हा द्या, सांगण्यासारखं भरपूर असतं. ऐकणाऱ्यालाही काम हवं: शेवटी एक प्रश्न विचारायचाच. नाहीतर तो नुसती मान डोलावतो आणि सांगणाऱ्याचा धीर सुटतो. आठ जण एकदम बोलल्यानं गलका होतो, होऊ द्या. लाजणाऱ्याला त्या गलक्याचा आडोसा मिळतो.

दुरुस्ती बोलणं चालू असताना नकोच. तुम्ही मागून फिरत वहीत वाक्यं टिपा, शेवटच्या 10 मिनिटांत आठ वाक्यं नाव न घेता फळ्यावर लिहा, त्यातली तीन बरोबर असू द्या. चुकीची कोणती हे जोड्यांनी शोधायचं. मराठीच्या वळणानं येणाऱ्या या चुका हमखास मिळतील: 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स', 'येस्टरडे आय हॅव सेंट द रिपोर्ट', 'वुई डिस्कस्ड अबाउट'. तिसरी एवढी महत्त्वाची नाही, समोरच्याला अर्थ कळतो. दुसरीवर मात्र वेळ घाला, कारण काम झालं की व्हायचंय हाच ग्राहकाचा प्रश्न असतो.

सुपरवायझर आणि त्याचाच ऑपरेटर अशी जोडी कधीही लावू नका. क्वालिटीवाला डिस्पॅचवाल्यासोबत, परचेसवाला मेंटेनन्सवाल्यासोबत. त्यांच्याकडची माहितीही मुळातच वेगळी असते. एचआरचं कोणी मागं बसायला येणार असेल तर नम्रपणे नको म्हणा.

मार्केटयार्ड
कॉलचा सराव दोन खोल्यांतून घ्या, कॅमेरा बंद ठेवून. समोर बसलं की लोक हातवाऱ्यांवर निभावून नेतात. आणि महिनाअखेरीला डिस्पॅचचे लोक येणार नाहीत, गणपतीतही हजेरी घटणार. प्रत्येक तास स्वतंत्र ठेवा, मागच्या तासावर अवलंबून नको.

वारणाकाठ
शेवटचं. 12 आठवड्यांनी कंपनी विचारणार, काय फरक पडला. परीक्षा घेऊ का?

क्लासरूम
लेखी परीक्षेत बोलणं दिसत नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं एक मिनिटाचं रेकॉर्डिंग घ्या: 'डिलिव्हरी दोन दिवस लांबणार आहे, ग्राहकाला कळवा.' बाराव्या आठवड्यात तेच काम, तेवढाच वेळ. तपासताना चारच गोष्टी: निरोप पुरा पोचला का, आकडे-तारखा बरोबर का, किती वेळा मराठीवर आला, किती वेळा लांब थांबला. कंपनीला पातळी हवी असेल तर युरोपच्या सीईएफआर (भाषेची पातळी ठरवायच्या) चौकटीतली ए2 (प्राथमिक) आणि बी1 (मध्यम) पातळीची 'हे करू शकतो' अशी विधानं वापरा. पण 12 आठवड्यांचे 24 वर्ग म्हणजे 30 तास, त्यात पूर्ण पातळी चढवून देतो असं लिहून देऊ नका. रेकॉर्डिंगआधी प्रत्येकाची परवानगी घ्या आणि ते फक्त त्यालाच ऐकवा. कंपनीला गटाचे एकत्रित आकडे पुरतात.

पाटी_पेन्सिल
मधल्या दिवसांसाठी व्हॉट्सॲपवर 40 सेकंदांचा व्हॉइस मेसेज मागवा, पण ग्रुपवर नाही, तुमच्या वैयक्तिक नंबरवर. उत्तरही आवाजातच द्या, एकच सुधारणा सांगून. ड्रॉइंगची दोन स्केचं आणि ओलाव्याची कार्डं रविवारपर्यंत इथंच टाकतो, मापं बदलून वापरा.