'द ज्यू ऑफ माल्टा': बाराबसचा सूड नेमका कोणावर?

अनुजा_वाचतेय
सोळाव्या शतकातला इंग्रज नाटककार ख्रिस्तोफर मार्लो, त्याचं हे नाटक नुकतंच वाचलं. पहिल्या अंकात मी पूर्णपणे बाराबसच्या, म्हणजे नाटकातल्या श्रीमंत ज्यू व्यापाऱ्याच्या बाजूने होते. तुर्कांची दहा वर्षांची खंडणी थकलेली, आणि माल्टाचा गव्हर्नर फर्नीझ ती फक्त ज्यूंकडून वसूल करतो. अर्धी मालमत्ता द्या, नाहीतर ख्रिस्ती व्हा, तेही नको असेल तर सगळंच जप्त! बाराबसचं राहतं घर जातं आणि तिथे ख्रिस्ती जोगिणींचा (नन्सचा) मठ होतो. इथवर सूडाचं कारण चोख आहे. पण पुढे हाच माणूस विषारी पेज पाठवून अख्खा मठ मारतो, त्यात स्वतःची मुलगी अबिगेलसुद्धा. मग मार्लो कोणाच्या बाजूने आहे? शेक्सपिअरच्या 'द मर्चंट ऑफ व्हेनिस'मधला ज्यू सावकार शायलॉक वाचताना माझी अशी ओढाताण झाली नव्हती.

विंगेतला
काळ लक्षात घ्या. पहिल्या एडवर्डने 1290 मध्ये ज्यूंना इंग्लंडमधून हाकललं. 1592 मध्ये लंडनच्या रोझ नाट्यगृहात हे नाटक चाललं, तेव्हा उघडपणे ज्यू म्हणून राहणारा माणूस बहुतेक प्रेक्षकांनी पाहिलेलाही नसणार. कानावर होत्या त्या अफवाच. 1594 मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीचे वैद्य रॉद्रिगो लोपेझ (मूळचे पोर्तुगीज, ज्यू वंशाचे) यांना विषप्रयोगाच्या कटाच्या आरोपावरून फाशी झाली आणि त्याच वर्षी हे नाटक पुन्हा जोरात सुरू होतं. गल्ला भरायचा तर लोकांना हवा तो राक्षस द्यायचा. एवढंच.

निमा_क
विंगेतला, लोपेझचं बरोबर, पण 'एवढंच' नाही हो.

आमच्या गटाने याचं अभिवाचन केलं तेव्हा सगळ्यांना बाराबस हवा होता. फर्नीझ कुणालाच नको, म्हणून माझ्या गळ्यात पडला. फार मजा आली, कारण या माणसाला एकही खलनायकी वाक्य नाही. तो सगळं कलमांच्या भाषेत बोलतो. जप्तीचा प्रसंग परत वाचा. बाराबस आधी नकार देतो आणि लगेच अर्धं द्यायला तयारही होतो. उत्तर मिळतं की एकदा नाही म्हणालास, आता बदल नाही. वर एक सरदार त्याला सुनावतो की हा दोष आमचा नाही, तुमच्या कुळाला लागलेल्या शापाचा आहे. त्यावर बाराबस विचारतो, स्वतःच्या अन्यायाला आता धर्मग्रंथाचा आधार देता?

आणि खरी गंमत दुसऱ्या अंकात आहे. स्पेनचा देल बॉस्को येऊन सांगतो, तुर्कांना कशाला देता, सोनं ठेवून घ्या. फर्नीझ ठेवून घेतो! तुर्कांना दमडी जात नाही, ज्यूंना परत काही मिळत नाही, आणि हे कुणाला खटकतही नाही. प्रेक्षकांच्या ध्यानात येऊ नये इतक्या चपळाईने मार्लो पुढे सरकतो. तोवर बाराबस गुलामांच्या बाजारात विकत घेतलेल्या इथामोरपुढे बढाया मारायला लागलेला असतो. म्हणे मी रात्री आजारी माणसं मारतो, विहिरींत विष कालवतो. विंगेतला म्हणतात त्या अफवांची अख्खी यादीच तो स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवतो. मला ती यादी कबुली वाटत नाही, सोंग वाटतं. तुम्हाला असाच ज्यू हवाय ना, मग घ्या.

अबिगेल मरताना म्हणते, मी ख्रिस्ती म्हणून मरते आहे याला साक्षी राहा. शेजारचा फ्रायर (ख्रिस्ती साधू) बर्नार्डीन म्हणतो, हो, आणि कुमारिका म्हणूनही, त्याचंच जास्त दुःख आहे. आमच्या वाचनात लोक इथे खळखळून हसले, पोरगी समोर मरत असताना.

अनुजा_वाचतेय
देल बॉस्कोचं ते वाक्य मी वाचून पुढे गेले होते! पण मग सूड फर्नीझवर का उगवत नाही? त्याचा मुलगा लोडोविक मरतो तेवढंच.

निमा_क
तोच तर पेच आहे. मार्लोच्याच काळातल्या थॉमस किडच्या 'द स्पॅनिश ट्रॅजेडी' या सूडनाट्यात नायक हिएरोनिमो शेवटी खऱ्या गुन्हेगारांपर्यंत पोचतो. इथे पाचव्या अंकात बाराबस तुर्कांच्या मदतीने गव्हर्नर होतो, फर्नीझ त्याचा कैदी असतो. एका घावात विषय संपला असता. पण तो सौदा करतो. तुर्कांना मी सापळ्यात अडकवतो, तू मला पैसे आणून दे. ज्याने कलम दाखवून लुटलं त्याच्याच शब्दावर विश्वास! फर्नीझ पैसे आणतो, सापळ्याचा दोर कापतो, आणि बाराबस तुर्कांसाठी मांडलेल्या उकळत्या काहिलीत पडतो. शेवटी फर्नीझ म्हणतो, श्रेय नशिबाचं नाही, दैवाचं नाही, स्वर्गाचं.

विंगेतला
हे मान्य. तरी रोझमधल्या प्रेक्षकांनी काहिलीलाच टाळ्या वाजवल्या असतील.

निमा_क
वाजवल्याच असणार. म्हणून शेवटचं वाक्य मी अगदी सरळ, भक्तिभावाने वाचलं, जराही उपरोध न आणता. अनुजा, तुम्ही ते मोठ्याने वाचून बघा. आणि शायलॉकला सक्तीने ख्रिस्ती करतात तो कोर्टाचा प्रसंग त्याला लागूनच वाचा.