शब्दचर्चा : खुनाचा ‘हेतू’, ‘कारण’ की ‘काच’?

कराडहून प्रश्न : सुझन ग्लास्पेल यांची १९१७ ची एक कथा मराठीत आणतोय. शेतकऱ्याचा झोपेतच दोराने गळा आवळलाय, बायको मिनी अटकेत आहे. सरकारी वकील सगळं घर उलथंपालथं करतो, पण ‘मोटिव्ह’ सापडत नाही. ‘हेतू’ लिहू, ‘उद्देश’ की ‘कारण’?

सातारा, वकिली करणारे : हेतूच लिहा. कोर्टात इरादा वेगळा, हेतू वेगळा. मारायचंच होतं का, हा इरादा. का मारलं, हा हेतू. १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ८ याच विषयाचं होतं, जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष्य अधिनियमात कलम ६. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार असला तर हेतूवाचून अडत नाही. परिस्थितीजन्य पुराव्यावरच खटला उभा असला तर मात्र त्याला फार वजन येतं. कथेतला वकील हेतूसाठी जीव टाकतो तो म्हणूनच.

तासगाव : वकीलसाहेब, वकिलाच्या तोंडी हेतू शोभतो. निवेदनात नको. हेतू म्हटलं की जमीन, विमा, दुसरं लग्न असलं काहीतरी पदरात पाडून घ्यायचं डोळ्यांपुढं येतं. मिनीला काय मिळवायचं होतं? नवरा दारू पीत नव्हता, देणं बुडवत नव्हता. गावाच्या लेखी भला माणूस. घरात मात्र बोलणं नाही, हसणं नाही, आणि लग्नाआधी गाणारी ही बाई गप्प झालेली. याला ‘छळ’ म्हणाल तर वळ दाखवा म्हणतील. ‘जाचहाट’ तर फिर्यादीतला शब्द. आपल्याकडे ‘सासरचा काच’ म्हणतात, तो घ्या. परकराची नाडी काचते तसा, वरून दिसत नाही.
आणि ‘डूख’ चुकूनही नको. डूख धरणारा संधीची वाट बघत असतो.

मिरज : मग मिनीचा तो मेलेला पक्षी? पिंजऱ्याचं दार मोडलेलं, पक्ष्याची मान बहुधा नवऱ्यानंच पिरगाळलेली. तेच कारण ना?

तासगाव : ते निमित्त. कारण आधीच्या सगळ्या वर्षांत आहे. पेपरात कसं छापतात आठवा : ‘किरकोळ कारणावरून पतीचा खून’. पक्षी वकिलाच्या हाती लागला असता तर हेच छापलं असतं. याच कथानकाच्या, १९१६ च्या नाटकाचं नावच ‘ट्रायफल्स’, म्हणजे किरकोळ गोष्टी. पुरुष ज्याला किरकोळ म्हणून हसतात, त्या मुरंब्याच्या बरण्यांत, वाकळेच्या वेड्यावाकड्या टाक्यांत, पुरुषांबरोबर त्या घरी आलेल्या दोघी बायकांना, म्हणजे शेजारणीला आणि शेरीफच्या बायकोला, सगळं दिसतं. आणि त्या पक्षी लपवतात.

सांगली : ताई, ‘काच’ पटला, पण एकदाच वापरा. पानोपानी आला तर कैफियत होईल. मूळ कथेत त्या दोघीसुद्धा पुरतं बोलत नाहीत.

कराड : हेतू वकिलाकडे, काच शेजारणीच्या तोंडी एकदा. ठरलं. आता वाकळ. मिनी ती नुसती शिवणार होती की गाठी मारणार होती, असं पुरुष हसत विचारतात. आपल्याकडे वाकळेला धावदोरा घालतात. ‘धावदोरा’ करू का?

तासगाव : अजिबात नको! गळ्यातला दोर विसरलात काय? ‘गाठ मारणार होती’ असंच ठेवा.