सिंगापूर ते न्यूयॉर्क : विमानाचे अंतर कसे मोजावे?

प्रश्न : माझी मुलगी पुढील महिन्यात सिंगापूरहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जाणार आहे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून मी अंतर काढले. परंतु सर्वत्र दिलेल्या सुमारे १५,३५० किलोमीटरांशी ते मुळीच जुळत नाही. माझे कुठे चुकते आहे?

उत्तर १ : सपाट नकाशा ध्रुवांकडचा भाग ताणून दाखवतो, म्हणून तेथे पट्टी उपयोगाची नाही. पृथ्वीचा गोल घेऊन दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. सिंगापूर १०४ अंश पूर्व आणि न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम रेखांशावर, म्हणजे जवळजवळ समोरासमोर असल्यामुळे तो दोरा उत्तर ध्रुवाला लागूनच जाईल. मग हिशेब अगदी सोपा आहे : ९० अंशांतून शहराचा अक्षांश वजा केला की सिंगापूरपासून ध्रुव ८८.७ अंश, तेथून न्यूयॉर्क ४९.३ अंश, बेरीज १३८, अंशाला १११.२ किलोमीटर धरल्यास सुमारे १५,३४५.

उत्तर २ : हिशेब योग्यच आहे, मात्र विमान नेमके त्याच रेषेवरून जाते असे समजू नये. न्यूयॉर्ककडे जाताना ते पुष्कळदा पॅसिफिक महासागरावरून नेतात, कारण तेथे पश्चिमेकडून वाहणारा वेगवान वारा पाठीशी मिळतो आणि वाट लांबली तरी वेळ वाचतो. प्रवास साधारण अठरा तासांचा आहे. मुलीला अधूनमधून उठून चालायला अवश्य सांगा.

प्रश्नकर्ता : नातवाच्या गोलावर दोरा लावून पाहिला. तो खरोखरच ध्रुवावरच्या खिळ्याला घासून गेला. दोघांचेही मनापासून आभार.