गाडी इकडची, नंबर तिकडचा: शेजारच्या राज्यांतल्या रोड टॅक्सचे अनुभव

शोरूमवाल्याने किंमत सांगितली की आपला पुढचा प्रश्न ठरलेला, "ऑन-रोड किती?" एक्स-शोरूम आणि ऑन-रोडच्या मधल्या रकमेत सगळ्यात मोठा वाटा रोड टॅक्सचा. जीएसटी देशभर सारखाच. नोंदणीची फीसुद्धा केंद्राच्या नियमांतली, कारला ६०० आणि दुचाकीला ३०० रुपये, मग तुम्ही कागलला राहा की निपाणीला. टॅक्स मात्र ज्या त्या राज्याचा. १२ लाखांच्या पेट्रोल कारला महाराष्ट्रात १२ टक्के, म्हणजे १ लाख ४४ हजार. कर्नाटकात १७ टक्के आणि त्या टॅक्सवर आणखी ११ टक्के सेस, म्हणजे सव्वादोन लाखांच्या वर. गुजरातेत ६ टक्के, ७२ हजारांत काम.

सीमेवर राहणारे, बदलीवाले, जुनी गाडी पलीकडून आणणारे, सगळ्यांनी लिहा. आकडे दिलेत तर उत्तम. एजंटांचे मोबाईल नंबर नकोत!

बंगळुरूहून

नोकरीसाठी इकडे आलो तेव्हा सोबत एमएच नंबरची कार होती. सोसायटीत पहिल्याच आठवड्यात सल्ला मिळाला, "तीस दिवसांत टॅक्स भरा, नाहीतर गाडी उचलतील." ही जुनी भीती आहे. कर्नाटकने २०१४ मध्ये तीस दिवसांची दुरुस्ती खरंच केली होती, पण हायकोर्टाने २०१६ मध्ये ती रद्द केली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. भाडेकरार, टोलच्या पावत्या जपून ठेवा, अडवलं तर उपयोगी पडतात.

मला इथेच राहायचं होतं, म्हणून रीतसर सुरुवात केली. आधी जुन्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, फॉर्म २८. त्यावर चेसिस नंबरचा ठसा लागतो: नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची आणि एकही आकडा पुसट येता कामा नये. गाडीवर कर्ज होतं, त्यामुळे बँकेचं संमतीपत्र. थकलेली ई-चलनं भरल्याशिवाय फाईल पुढे सरकत नाही. मग इकडे नव्या नंबरासाठी फॉर्म २७, गाडीची तपासणी आणि गाडीच्या वयानुसार लाइफटाइम टॅक्स. नंबर बदलला की पाठोपाठ नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी, विम्यावर नोंद, फास्टॅग, पीयूसी, सगळंच बदलावं लागतं. फास्टॅग लोक हमखास विसरतात आणि मग टोलनाक्यावर वाद घालत बसतात.

खरी परीक्षा पुढे. महाराष्ट्रात एकरकमी भरलेल्या टॅक्सपैकी उरलेल्या वर्षांचा भाग परत मिळतो, पण नव्या राज्याचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) दाखवल्यावर. म्हणजे आधी इकडे पूर्ण भरा, मग तिकडचं मागा. माझे पैसे आले, पण वर्ष उलटून गेल्यावर, तेही घरच्या माणसाला खिडकीवर उभं करून. ऑनलाइन स्टेटस त्या सगळ्या काळात "प्रक्रियेत"!

सावंतवाडीहून

आमच्याकडे जीए नंबरची गाडी म्हणजे नवल नाही, निम्मं गाव कामाला गोव्यात. मी जुनी हॅचबॅक म्हापशाहून घेतली. मामा सौद्यालाच म्हणाला, "गाडी बरी असा, पण एनओसी हातात गावल्याशिवाय पैशे देव नको." तेच केलं. किंमत आपल्याकडच्यापेक्षा कमी होती, पण महाराष्ट्राचा टॅक्स, नवी पाटी आणि फेऱ्यांचं पेट्रोल धरलं तर हिशोब जवळपास बरोबरीचा. गाडी चांगली मिळाली, एवढाच फायदा.

तलासरीहून

माझी नोकरी वापीला. "गुजरातचा नंबर घे, अर्धा टॅक्स वाचेल" हे ऑफिसातल्या प्रत्येकाने सांगून झालंय. पण कायदा पत्ता बघतो, पगार कुठे होतो ते नाही. गाडी तुमच्या राहत्या घरी किंवा धंद्याच्या जागी, जिथे नेहमी उभी असते, तिथेच नोंदवायची. रात्री गाडी माझ्या अंगणात, म्हणून मी एमएच ४८ घेतला. एका ओळखीच्या काकांनी पुतण्याच्या पत्त्यावर जीजे १५ घेतलाय. विम्याचा क्लेम करायची वेळ आली तर काय, असं विचारलं की काका विषय बदलतात.

नागपूरहून

मी सरकारी बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. २०२१ मध्ये बीएच म्हणजे 'भारत' मालिकेचे नंबर आले तेव्हा वाटलं, आपल्यासाठीच आलीय. टॅक्स एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. दर १० लाखांपर्यंत ८ टक्के, २० लाखांपर्यंत १०, त्यावर १२. डिझेलला २ जास्त, इलेक्ट्रिकला २ कमी. राज्य बदललं तरी नंबर तोच. खासगी नोकरीवाल्यांना कंपनीची कार्यालयं किमान चार राज्यांत हवीत आणि फॉर्म ६० वर कंपनीची सही. अडचण विकताना येते. घेणारा बीएचला पात्र नसेल तर त्याला आपल्या राज्याचा नंबर घ्यावाच लागतो आणि तेवढ्यावरून तो किंमत पाडून मागतो. गाडी दीर्घकाळ वापरणार असाल तरच बीएच.

पुण्याहून

इलेक्ट्रिक घेतली, टॅक्स शून्य. २०२५ च्या बजेटमध्ये ३० लाखांवरच्या ईव्हीला ६ टक्के सुचवले होते, ते मागे घेतले. कर्नाटकात २५ लाखांवरच्यांना २०२४ पासून १० टक्के आहेत. माझी गाडी कुठल्याच रेषेच्या जवळपास नाही, हे वेगळं सांगायला नको!

कोल्हापूरहून

बेळगावची केए २२ घेणाऱ्यांसाठी. बंगळुरूच्या दादांनी परताव्याचं लिहिलंय ते इथे उलट्या दिशेनं लागू होतं. कर्नाटकात टॅक्स जास्त, म्हणजे उरलेल्या वर्षांचा परतावाही मोठा, आणि सौदा करताना त्याचा उल्लेख कोणी करत नाही. तो जुन्या मालकाच्या नावे निघणार असेल तर तेवढी रक्कम किमतीतून आधीच वजा करायला लावा. मी लावली. विकणारा दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी मालकी बदलाच्या फॉर्म २९-३० वर सही करायला स्वतः आला.