मदत हवी आहे: पीचची पानं मुरडतात, नेक्टरीन फुलतच नाही

खारावारा: बेटावर घर आहे, चहूबाजूंनी समुद्र. पीचला मोहोर छान आला, पण कोवळी पानं जाड होऊन, लाल फोड येऊन आत वळतात आणि गळतात. शेजारच्या नेक्टरीनला फुलं नाहीत, शेंड्याला थोडी पालवी, बाकी काठी तशीच. कडुनिंबाचा अर्क मारून झाला. आता काय फवारू? लवकर सांगा.

कलमवाला: जाती कुठल्या? कलमी की कोयीचं? थंडी किती पडते? काहीच लिहिलेलं नाही.

मोरचूद: पीचला पानमुरड आहे, टॅफ्रिना नावाची बुरशी. आता काहीही फवारलंत तरी पैसे वाया. पानगळ झाल्यावर एकदा आणि कळ्या फुगायच्या आत पुन्हा एकदा बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाणी. खोड, फांद्या न्हाऊन निघाल्या पाहिजेत.

भिंतीलगत: बोर्डो कशाला? झाड भिंतीला टेकवून वाढवा, हिवाळ्यात वर प्लास्टिकचं छत घाला. कळ्या कोरड्या राहिल्या की बुरशी रुजत नाही. बाजू उघड्या ठेवा, मधमाश्या आत यायला हव्यात.

मोरचूद: बेटावरच्या वाऱ्यात छत? पहिल्याच वादळात समुद्रात जाईल.

भिंतीलगत: माझं टिकलंय. नीट बांधलं तर टिकतं. आणि दरवर्षी तांबं मारून मातीत साठत जातं, त्याचं काय?

सुगरण: कच्ची पीचं गळली असतील तर फेकू नका, लोणचं घाला. कृती हवी तर देते.

रानफूल: नेक्टरीन पीच आणि प्लमचा संकर असतो ना? म्हणून फुलत नसेल.

कलमवाला: नाही हो. नेक्टरीन म्हणजे बिनलवेचं पीच, फरक एका जनुकाचा. कधी कधी पीचच्याच झाडावर एखादी फांदी नेक्टरीन देते. खारावारा, जाती सांगा.

खारावारा: संकराचं मी विचारलंच नव्हतं. दोन्ही कलमी. पीच फ्लोर्डाप्रिन्स. नेक्टरीनच्या चिठ्ठीवर जात पुसली गेलीय, थंडीचे तास ८५० एवढंच वाचता येतं. इथे पाणी गोठेल अशी थंडी कधीच पडत नाही.

कलमवाला: मग नेक्टरीनला औषधाचा प्रश्नच नाही. थंडीचे तास म्हणजे झाडाला हिवाळ्यात लागणारे साधारण ७ अंशांखालचे तास. फ्लोर्डाप्रिन्सचं १५० च्या आसपास भागतं. समुद्र हिवाळा ऊबदार ठेवतो, तिथे ८५० कुठून मिळणार? झाडाची हिवाळ्यातली झोप पुरी न झाल्यानं पालवी अशीच तुटक येते. झाड उपटू नका, खुंट (कलमाचा खालचा, मुळांचा भाग) जोमदार असेल तर कमी थंडीत फुलणाऱ्या नेक्टरीनचे डोळे भरा, म्हणजे त्याच्या कळ्या सालीत बसवून कलम करा.

वाराबंद: पानांच्या कडा करपतात का? तो खारा वारा. वाऱ्याच्या बाजूला निम्मा वारा आत सोडणारी जाळी लावा. सलग भिंतीमागे वारा भोवरे घेतो, मोहोर जास्त झडतो.

खारावारा: हो, कडा करपतात. जाळी या आठवड्यात लावतो. डोळे कधी भरायचे?

कलमवाला: उन्हाळा सरताना, साल सहज सुटते तेव्हा. डोळ्यांची काडी रोगमुक्त झाडाचीच घ्या.

मोरचूद: आणि पानगळीनंतरचं बोर्डो विसरू नका.

भिंतीलगत: किंवा छत.